फॉरमॅट मारण्याआधी स्क्रीनची सेटिंग बघा

जुना पीसी मधेच बंद पडायला लागला की घरात दोन निदानं ठरलेली असतात. व्हायरस शिरला, नाहीतर मशीन म्हातारं झालं. दुरुस्तीवाला येतो, ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो आणि दोन-तीन तासांत विंडोज नव्यानं टाकून जातो. त्या भरात डेस्कटॉपवरचे फोटो जातात, वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट जातात, प्रिंटर पुन्हा बसवावा लागतो. काही दिवस पीसी ठीक चालतो. मग घरातलं कुणीतरी स्क्रीन पूर्वीसारखी करून घेतं, रंग वाढवतं, आवडीचा स्क्रीनसेव्हर लावतं आणि बंद पडणं पुन्हा सुरू होतं. तेव्हा सगळ्यांची खात्री पटते की मशीनच गेलं.

माझं म्हणणं असं की फॉरमॅटच्या आधी डिस्प्लेची बाजू तपासलीच पाहिजे. या तपासणीला पैसा लागत नाही, एकही फाईल पुसली जात नाही, आणि दोष तिथे नसेल तर तेही कळतं. स्क्रीन रंगवण्याचं काम संगणकाच्या अगदी आतल्या भागात चालतं. म्हणून रिझोल्यूशन, रंग, रिफ्रेश रेट अशी वरवरची वाटणारी सेटिंगसुद्धा सगळं मशीन खाली बसवू शकते.

हे पीसी सगळेच काही अडगळीत गेलेले नाहीत. मराठी डीटीपी करणाऱ्या बऱ्याच जणांकडे विंडोज एक्सपीचं एखादं मशीन जपून ठेवलेलं असतं. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली पुस्तकं, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं पेजमेकरच्या फायलींत पडून आहेत आणि त्या नव्या विंडोजवर धड उघडत नाहीत. कुणाचे जुने हिशेब त्या मशीनमध्ये असतात, कुणाचे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला मदत देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशी मशीन इंटरनेटपासून लांब ठेवावीत हे खरंच, पण ती चालू राहण्याची गरजही खरी आहे.

सुरुवात करायची ती नेमकं काय झालं हे ओळखण्यापासून. ‘बंद पडला’ असं म्हणताना माणसं चार निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. स्क्रीन काळी पडली पण पंखा फिरतोय. चित्र आहे पण माऊसचा बाण जागेवरून हलत नाही. निळी स्क्रीन येऊन इंग्रजी मजकूर दिसतो. किंवा काहीही न सांगता पीसी आपला आपण रीस्टार्ट होतो. यातल्या पहिल्या प्रकारात बऱ्याचदा पीसी बंद पडलेलाच नसतो. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दोन-चारदा दाबून बघा. दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर आत विंडोज व्यवस्थित चालू आहे, फक्त ते मॉनिटरवर उमटत नाहीये. अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरणं म्हणजे चालत्या हार्ड डिस्कची वीज तोडणं, ते करू नका. दिवा ढिम्म असेल तर मात्र मशीन खरोखर हँग झालं आहे.

आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या एक्सपीत एक गंमत असते. त्यातही निळी स्क्रीन येतच असते, पण विंडोज ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुसून पुन्हा सुरू होतं, कारण मूळ सेटिंगच तशी आहे. माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून टाका. पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहील आणि तुम्ही मोबाईलनं तिचा फोटो काढू शकाल. त्या मजकुरात ‘थ्रेड स्टक इन डिव्हाइस ड्रायव्हर’ असे शब्द असतील, किंवा ज्या फाईलचं नाव दिलं आहे तिच्यात ‘डिस्प’ अशी अक्षरं असतील, तर शोध जवळपास संपलाच. दोषी डिस्प्लेचा ड्रायव्हर आहे.

आता काळ्या स्क्रीनकडे येऊ. पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे मागे फुगीर पाठ असलेल्या मॉनिटरवर हा प्रकार सर्रास व्हायचा आणि अजूनही होतो. अशा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत खाली येतो आणि मग पुन्हा वर जातो. सेकंदाला किती वेळा संपूर्ण पडदा रंगवायचा, तो रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर हा पडदा लुकलुकतो आणि डोळे दुखतात. म्हणून जाणकार सांगायचे, रेट ७५ किंवा ८५ कर. सल्ला योग्यच होता, पण प्रत्येक मॉनिटरला तो झेपणारा नव्हता.

हिशेब करून बघा. १०२४ बाय ७६८ रिझोल्यूशनमध्ये ७६८ ओळी दिसतात, पण झोत तळापासून वर परत जायलाही वेळ घेतो. तो धरून ७५ हर्ट्झच्या प्रमाणित मांडणीत दर पडद्याला ८०० ओळी मोजल्या जातात. ८०० गुणिले ७५ म्हणजे सेकंदाला ६०,००० ओळी, म्हणजेच ६० किलोहर्ट्झ. हेच रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर सुमारे ४८ किलोहर्ट्झ मागतं आणि ८५ वर जवळजवळ ६९. स्वस्तातल्या १४ आणि १५ इंची मॉनिटरपैकी अनेकांची धाव ५० किलोहर्ट्झच्या आसपास संपायची. आता बघा, अशा मॉनिटरवर ८०० बाय ६०० रिझोल्यूशन ७५ हर्ट्झवर सुखानं चालतं, कारण त्याला ४७ च्या आसपासच लागतात. मालक फक्त रिझोल्यूशन वाढवून १०२४ बाय ७६८ करतो, रेट ७५ च राहतो, आणि मागणी एकदम ६० वर जाते. पडदा काळा. ‘मी दुसरं काही केलंच नाही’ असं तो शपथेवर सांगतो आणि ते खरंही असतं. नंतरच्या मॉनिटरवर ‘आऊट ऑफ रेंज’ अशी पाटी येते. अगदी जुने मॉनिटर शिट्टीसारखा बारीक आवाज करतात. तो आवाज ऐकू आला तर मॉनिटर लगेच बटणानं बंद करायचा. तसाच चालू ठेवला तर आतले भाग जळू शकतात.

यातून बाहेर पडायचा पहिला उपाय म्हणजे काहीही न करणं. सेटिंग बदलल्यावर विंडोज ‘हीच ठेवू का’ असं विचारतं आणि १५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर जुनी सेटिंग परत आणतं. ही पाटी तुम्हाला काळ्या पडद्यामुळे दिसत नसते, पण ती असते. घाबरून भलतीच कळ दाबली की विंडोज त्याला होकार समजू शकतं, आणि मग मात्र काम वाढतं. हात बाजूला ठेवून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा.

तरीही स्क्रीन आली नाही तर पीसी रीस्टार्ट करताना, विंडोजचं चिन्ह यायच्या आत एफ-८ दाबत राहायचं. एक्सपीच्या यादीत ‘एनेबल व्हीजीए मोड’ असं दिसतं, विंडोज ७ मध्ये त्याचंच नाव ‘एनेबल लो-रिझोल्यूशन व्हिडिओ’ आहे. दोन्हीत ६४० बाय ४८० चा ढोबळ पडदा येतो. या आकाराला इतिहास आहे. आयबीएमनं १९८७ मध्ये आपल्या पीएस-२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं, त्यात २५६ किलोबाइट मेमरी होती आणि ६४० बाय ४८० वर फक्त १६ रंग दिसायचे. पुढे हजारो निरनिराळी ग्राफिक कार्डं आली, पण प्रत्येकानं ही जुनी पद्धत पोटात सांभाळून ठेवली. ती साडेएकतीस किलोहर्ट्झ मागते आणि तेवढं कुठल्याही व्हीजीए मॉनिटरला जमतंच. म्हणून काहीही बिघडलं तरी या पायरीवर उभं राहता येतं.

त्याच एफ-८ च्या यादीत सेफ मोडही असतो आणि दोन्हींतला फरक निदानाला फार उपयोगी पडतो. सेफ मोडमध्ये कार्डाचा खास ड्रायव्हर लोडच होत नाही, विंडोज स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं. लो-रिझोल्यूशनमध्ये पीसी नीट चालला तर बहुतेक करून चूक सेटिंगची आहे, ती आत जाऊन उतरवायची आणि रीस्टार्ट करायचं. तिथेही हँग झाला आणि सेफ मोडमध्ये मात्र निवांत चालला, तर ड्रायव्हरकडे बोट जातं. आणि सेफ मोडमध्येही तेच होत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगचा पाठलाग सोडून रॅम, हार्ड डिस्क आणि वीजपुरवठ्याकडे वळायचं.

ड्रायव्हर म्हणजे विंडोजचं सांगणं कार्डाला समजेल अशा आज्ञांत उतरवणारा छोटा प्रोग्राम. वर्ड किंवा पेजमेकर बिघडला तर तेवढी खिडकी बंद होते, मग डिस्प्लेचा ड्रायव्हर चुकला तर अख्खा पीसी का पडतो? कारण या ड्रायव्हरला कुठे राहायला दिलं आहे त्यात आहे. विंडोज एनटीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, म्हणजे १९९५ च्या एनटी ३.५१ पर्यंत, चित्र रंगवणारा भाग गाभ्याच्या बाहेर ठेवलेला होता. तो सुरक्षित होता पण संथ होता. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टनं वेगासाठी तो गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये हलवला. खिडक्या झपाझप उघडू लागल्या. पण गाभ्यातल्या कोडनं चुकीच्या जागी हात घातला तर त्याला अडवणारं वर कुणी नसतं, सगळं थांबवून निळी स्क्रीन दाखवणं एवढंच विंडोजच्या हातात उरतं. २००१ मध्ये घरोघरी आलेला एक्सपी याच एनटीचा वारस. विंडोज ९८ ची घडण वेगळी होती, पण तिथे तर अशा चुकांपासून बचाव आणखी कमी होता.

जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं ड्रायव्हरचा बराचसा भाग पुन्हा गाभ्याबाहेर काढला. शिवाय कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर फक्त कार्डच रीसेट करायची सोय केली. पडदा क्षणभर काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड’ असा फुगा खाली येतो, तो यामुळे. माझ्या मते ही त्या बदनाम आवृत्तीतली सगळ्यात चांगली गोष्ट होती. सुरुवातीला मात्र नव्या पद्धतीचे ड्रायव्हर कच्चे होते. अमेरिकेतल्या एका खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची आतली ईमेलं उघड झाली. त्यांत २००७ मध्ये नोंदलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास होता. घरी बसलेल्या माणसाला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. चूक त्याची नव्हती.

माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांचं मशीन इथे सांगण्याजोगं आहे. एक्सपी, बोर्डावरच बसवलेलं ग्राफिक, १७ इंची ट्यूबचा मॉनिटर. त्यांची तक्रार अशी होती: ‘समोर बसून काम करतोय तोवर काही होत नाही, जेवून आलो की हँग.’ दोनदा फॉरमॅट झालं होतं, रॅम काढून खोडरबरनं घासून झाली होती, यूपीएस बदलला होता. त्या तक्रारीतच उत्तर होतं. माणूस उठून गेल्यावर पीसीवर एकच नवी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे स्क्रीनसेव्हर. त्यांनी एक्सपीबरोबर येणारा थ्रीडी पाइप्स लावला होता, रंगीत नळ्या वळत वळत पडदा भरणारा. तो साधं चित्र नसून ओपनजीएल नावाच्या पद्धतीनं त्रिमितीत आकार काढतो. दिवसभर पेजमेकरमध्ये अक्षरं जुळवताना ड्रायव्हरचा जो कोपरा एकदाही वापरला जात नव्हता, तो जेवणाच्या वेळी पहिल्यांदा जागा व्हायचा आणि तिथेच मशीन अडकायचं. डिस्प्ले प्रॉपर्टीजमध्ये स्क्रीनसेव्हरच्या खाली ‘प्रिव्ह्यू’ दाबलं, चार नळ्या उमटल्या आणि बाण थिजला. कॅप्स लॉकचा दिवाही लागेना.

त्यांच्या मशीनवर प्रत्येक फॉरमॅटनंतर एकच ड्रायव्हरची सीडी वापरली जात होती, दुरुस्तीवाल्याच्या पिशवीतली, दुसऱ्याच बोर्डाबरोबर आलेली. नाव जवळपास तेच होतं म्हणून ती चालली, पण अर्धवट. काकांच्या कपाटात बोर्डाच्या मूळ खोक्यात खरी सीडी तशीच होती. जुना ड्रायव्हर काढला, ती टाकली, आणि नळ्या पडदाभर फिरू लागल्या. तरी मी स्क्रीनसेव्हर ‘ब्लँक’ करून दिला, कारण त्या मशीनला नळ्यांची काही गरज नव्हती.

अशी खूण प्रत्येक वेळी मिळत नाही. मग पायरीपायरीनं उतरावं लागतं. एक्सपीत डिस्प्ले प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, ट्रबलशूट असं गेलं की ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन’ची पट्टी दिसते. तिच्यावर ‘नन’पासून ‘फुल’पर्यंत सहा खुणा आहेत. उजवीकडून एक खूण डावीकडे आणली की माऊसचा बाण आणि चित्रांचे तुकडे हलवण्याचं काम कार्डाकडून काढून घेतलं जातं. दुसऱ्या खुणेला रेघा-आकार काढण्याची अवघड कामं जातात. तिसऱ्या खुणेला डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्टथ्रीडी बंद होतात, म्हणजे गेम आणि बरेचसे व्हिडिओ कार्डाच्या मदतीवाचून चालू लागतात. सगळ्यात डावीकडे कार्ड फक्त चित्र दाखवतं, बाकी सगळं प्रोसेसर करतो. पीसी तेव्हा फार रखडतो, पण बहुधा पडत नाही. माझ्या अनुभवात ही पट्टी म्हणजे जुन्या विंडोजमधलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात प्रामाणिक साधन आहे. विंडोज ७ वर ती अनेकदा करड्या रंगात, न वापरता येणारी दिसते, कारण नव्या पद्धतीचे ड्रायव्हर तिला मुभा देत नाहीत.

ती वापरायची रीत मात्र सांभाळायला हवी. आधी पट्टी पूर्ण डावीकडे नेऊन नेहमीचं काम करून बघायचं. पीसी टिकला तर एकेक खूण उजवीकडे सरकत जायचं, दर खुणेला निदान एक दिवस द्यायचा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा: तारीख, काय बदललं, काय झालं. रिझोल्यूशन, रंग आणि ही पट्टी तिन्ही एकदम बदलली आणि पीसी सुधारला, तर कशानं सुधारला हे कधीच कळणार नाही. फॉरमॅटमध्ये नेमकं हेच होतं. शंभर गोष्टी एकदम बदलतात, काहीतरी सुधारतं आणि कारण तसंच दडून राहतं.

रंगांचा मुद्दा थोडक्यात. १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर ७,८६,४३२ ठिपके असतात. ३२ बिट रंग ठेवले तर दर ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एका पडद्याला बरोबर ३ मेगाबाइट. १६ बिटवर निम्मे. आज हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्रिमितीच्या कामात असे दोन-तीन पडदे एकदम सांभाळावे लागतात आणि १९९९ च्या इंटेल ८१० पासून पुढच्या स्वस्त बोर्डांवर ग्राफिकला स्वतंत्र मेमरीच नसायची, ते रॅममधूनच उसनी घ्यायचं. म्हणून अशा बोर्डावर रॅममधला एखादा खराब भाग कधी कधी फक्त रंग वाढवल्यावरच त्रास देतो. सेटिंग ३२ वरून १६ बिटवर आणून पीसी टिकत असेल तर थांबू नका, मेमटेस्टसारख्या प्रोग्रामनं रात्रभर रॅमही तपासून घ्या.

विंडोज १० वर चालणाऱ्या दहा-बारा वर्षं जुन्या पीसींची गोष्ट निराळी आहे. तिथे रिफ्रेश रेट सहसा आड येत नाही. तिथे खोडी काढतो तो आपोआप आलेला नवा ड्रायव्हर. काल नीट चालणारा पीसी अपडेटनंतर आज यूट्यूब लावताच काळा पडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा, कार्डाच्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण करडं असेल तर जुना ड्रायव्हर मशीनमध्ये उरलेला नाही, तो शोधून आणावा लागेल. फक्त क्रोम उघडल्यावरच त्रास होत असेल तर विंडोजला हात लावायची गरज नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशनचं बटण आहे, ते बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा. पडदा अचानक काळा पडला आणि मशीन जिवंत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. विंडोज ग्राफिकचा ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू करतं, उघड्या फायली तशाच राहतात. एफ-८ मात्र इथे सहसा चालत नाही. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडायचं, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि तिथे ३ दाबलं की लो-रिझोल्यूशन, ४ दाबलं की सेफ मोड. लिनक्स टाकलेल्यांना हाच दिलासा बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून मिळतो.

विंडोज ७ आणि १० मध्ये इव्हेंट व्ह्यूअरही बघावा. ‘डिस्प्ले’ या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नव्हतं हे नक्की. ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून मात्र कुणी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलायला धावू नये. पीसी नीट शटडाऊन झाला नाही एवढंच ती सांगते, का ते सांगत नाही.

आता जिथे सेटिंगचा काही संबंध नसतो अशा खुणा. पीसी सुरू करताच, विंडोज यायच्या आधी, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात तेव्हाच जर उभे पट्टे, रंगीत चौकोन, तुटकी अक्षरं दिसत असतील तर त्या क्षणी विंडोजचा ड्रायव्हर लोडही झालेला नाही. दोष कार्डात, त्याच्या मेमरीत, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे आणि कुठल्याही सेटिंगनं तो जाणार नाही. पीसी थंड असताना ठीक आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पडतो, किंवा एप्रिल-मे मध्येच पडतो, तर उष्णता. घरोघरी कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात, भिंतीला चिकटून ठेवलेलं असतं, वर प्लॅस्टिकचं कव्हर. ते बाहेर काढा, वायर सोडवून बाजूचा पत्रा उघडा, मऊ ब्रशनं धूळ झाडा आणि कार्डावरचा छोटा पंखा बोटानं फिरवून बघा. तो जड फिरत असेल तर गुन्हेगार तोच. उघडलंच आहे तर बोर्डावरचे उभे, डब्यासारखे कॅपॅसिटर बघून घ्या. डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं किंवा तपकिरी गळती झालेलं दिसलं तर बोर्डाला चांगली वीज मिळत नाहीये. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत असे खराब कॅपॅसिटर जगभर निघाले, आणि हाताला सफाई असलेला कुणीही इलेक्ट्रॉनिक्सवाला ते बदलून देऊ शकतो.

ट्यूबचा मॉनिटर मात्र उघडू नका, वायर काढलेली असली तरी. आत वीस हजार व्होल्टांहून जास्त दाब तयार होतो आणि तो स्विच बंद केल्यावरही काही काळ साठून राहतो.

केबलही तपासण्यासारखी असते. निळ्या व्हीजीए केबलच्या टोकाला तीन ओळींत मिळून १५ पिना असतात. नववी पिन बऱ्याच केबलमध्ये मुळातच नसते, ती पाहून केबल फेकू नये. पण १२ किंवा १५ नंबरची पिन वाकलेली, दबलेली असेल तर मॉनिटरची ओळख पीसीपर्यंत पोहोचत नाही. या दोन पिनांवरूनच मॉनिटर आपली १२८ बाइटची माहिती कळवतो: मी कोण, मला किती रिझोल्यूशन झेपतं, किती हर्ट्झ. ती नाही मिळाली की विंडोज त्याला ‘जेनेरिक’ किंवा ‘नॉन-पीएनपी मॉनिटर’ म्हणतं आणि न झेपणारे रेटही यादीत दाखवायला लागतं. मॉनिटरच्या टॅबमध्ये ‘हाइड मोड्स दॅट धिस मॉनिटर कॅनॉट डिस्प्ले’ अशी एक खूण असते, ती तशीच राहू द्यावी, पण तिचा उपयोग मॉनिटरची ओळख पटलेली असेल तरच. दुसरी केबल लावल्यावर यादीत मॉनिटरचं खरं नाव आलं तर काळ्या पडद्याचं कारण तुमच्या हातातल्या जुन्या केबलमध्ये आहे.

दुरुस्तीवाल्याला बोलवायचंच झालं तर ती वही आणि निळ्या स्क्रीनचा फोटो त्याच्यापुढे ठेवा. फायली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि त्यात फॉन्टचं फोल्डर विसरू नका. चांगला कारागीर अशा नोंदींवर खूश होतो, त्याचा अर्धा दिवस वाचतो. आणि पीसी व्यवस्थित चालत असताना एक काम उरकून ठेवा. बोर्डाचं आणि कार्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या, त्याचा चालणारा ड्रायव्हर दोन पेनड्राइव्हवर उतरवा आणि मूळ सीडी असेल तर तिचीही प्रत काढा, कारण सीडी बुरशीनं आणि ओरखड्यांनी जातात. कंपन्या जुन्या मालाचे ड्रायव्हर कायम ठेवत नाहीत. इंटेलनं २०१९ मध्ये आपल्या जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोसच्या फायली संकेतस्थळावरून काढायला घेतल्या. त्यानंतर भलत्याच ठिकाणांहून उतरवलेल्या ‘ड्रायव्हर’च्या नावाखाली खरोखरीचा व्हायरस घरात येऊ शकतो.